आडवं

त्या साली पळसखेडला कापूस असा फुटला की वेचायला हात पुरेनात. दिवाळी होऊन तीन आठवडे झाले होते. पहाटे धुकं पडायचं आणि दुपारी ऊन अंग भाजून काढायचं. घरात, ओसरीवर, गोठ्यात, बाजेखाली, जिथं जागा असेल तिथं कापूस भरून ठेवलेला. गावच्या गाड्या खामगावला जात आणि सरकी काढणाऱ्या जिनापुढच्या रांगेत दोन-दोन दिवस अडकून पडत.

शुक्रवारी सकाळी कडूबानं आपली गाडी भरली. वर उभा राहून तो कापूस तुडवत होता आणि खालून त्याची आई, तानुबाई, दोर फेकत होती. त्याची बायको कोकिळा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. एक हात कमरेवर, दुसरा पोटाखाली. चार वर्षांची शेवंता तिच्या लुगड्याला धरून लोंबत होती.

दोर आवळून कडूबा खाली उतरला. बैल जुंपले, तरी निघेना.

"माय, जाऊ का नोको?"

"काऊन? काय झालं?"

"हिचे दिवस भरले. मी येईन उद्या, नाही त परवा. मधातच काही झालं त?"

"झालं त मी हावो ना घरात," तानुबाई म्हणाली. "आजवर कोन्या बाळंतिणीसाठी मी तिच्या नवऱ्याले घरी बसवलं, की आता तुले बसवू? जाय तू. उशीर केला त रांगेत मांगं पडशीन."

कडूबानं एकदा बायकोकडं पाहिलं. कोकिळा काही बोलली नाही. तो गेला.

कोकिळा बोलली नाही, कारण सासूनं तिला बोलू नको म्हणून बजावलं होतं.

तानुबाईची सहा एकर कोरडवाहू जमीन. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. पण गावात तिची ओळख जमिनीमुळं नव्हती. सासूच्या हाताखाली ती बाळंतपणं करायला शिकली आणि पुढं तीस वर्षं पळसखेडात जे मूल जन्मलं ते बहुतेक तिच्याच हातांवर उतरलं. कोणी खण दिला तर घ्यायचा, नाही दिला तर मागायचा नाही. रस्त्यानं निघाली की बाप्ये बाजूला होत आणि बाया डोक्यावरचा पदर सारखा करत.

तीन आठवड्यांपूर्वी सत्यभामाबाई गावात आली होती. पिंपळगाव राजाच्या सरकारी दवाखान्याची ही नर्स महिन्यातून एकदा पायीच गावं फिरायची. तिनं कोकिळाला ओसरीवर निजवलं, पोट चाचपलं आणि अंगणात जमलेल्या आठ-दहा बायांसमोर मोठ्यानं म्हणाली, "मूल आडवं आहे. डोकं कुशीत आहे. कळा लागायच्या आधी हिला दवाखान्यात आणून ठेवा. आता आमच्याकडं डॉक्टरीणबाई आल्यात."

"फिरते ते," तानुबाई म्हणाली. "तेल लावून फिरवतो आमी."

"फिरवाल हो. पण फिरवलेलं राहील का?"

दोन-तीन बायांनी तोंडाला पदर लावला. तानुबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. नर्स गेल्यावर तिनं कोकिळाला घरात नेऊन सांगितलं, "कडूबाले सांगू नोको. उगा भेईन तो."

मग तिनं करडीचं तेल कोमट करून मूल फिरवलं. अलगद, तळहाताच्या उशीनं. डोकं खाली आलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर पुन्हा डाव्या कुशीत. पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच. तीनदा फिरवलं आणि तीनदा ते आपल्या जागी परत गेलं. हे तिनं कोणालाच सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी भाकरी थापता थापता कोकिळाचा हात परातीतच थांबला. तानुबाईनं पाहिलं, काही विचारलं नाही. तिनं शेवंताला शेजारच्या पुष्पाबाईकडं पाठवलं, पाणी तापत ठेवलं, मधल्या खोलीतला कापूस एका बाजूला सारला आणि गोधडी अंथरली.

ऊन अंगणात उतरलं तशा कळा वाढल्या. तानुबाईनं साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. कळ ओसरली की ती हात ठेवून पाही. ओटीपोटाशी जिथं गोल, टणक डोकं लागायला हवं, तिथं मऊ आणि रिकामं लागत होतं. डोकं डावीकडं, ढुंगण उजवीकडं. पोट उंचीला कमी आणि रुंदीला जास्त. गर्भपिशवीच्या दाराशी काहीच नाही. एवढं एक बरं होतं की पाणी अजून गेलं नव्हतं.

तिनं आणखी एकदा फिरवायला हात लावला. पोट लाकडासारखं ताठ झालं आणि कोकिळा ओरडली, "आत्याबाई, नोको! फाटन काहीतरी!"

तानुबाईनं हात काढून घेतला.

चौदा वर्षांपूर्वी तिनं हात काढून घेतला नव्हता. तेव्हा बाजेवर तिची नणंद होती, कौसल्या. तिचंही असंच आडवं होतं. पाणी गेलं आणि एक इवलासा हात बाहेर आला. सगळ्या म्हणाल्या, आता हाताला धरून काढ. तानुबाईनं ओढलं. जितकं ओढलं तितकं मूल खांद्यात रुतत गेलं. दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत दोघं गेली. लोक म्हणाले, तिचं तेवढंच आयुष्य होतं. तानुबाईही तसंच म्हणाली. पण त्या हाताची ओढ तिच्या बोटांतून कधी गेली नाही.

ती कोकिळाच्या उशाशी बसली. तिचं कपाळ पुसलं.

"कोकिळे, हे माह्या हातचं नाही."

कोकिळानं डोळे उघडले. सासूच्या तोंडून हे शब्द तिनं कधी ऐकले नव्हते. "मंग कोनाच्या हातचं, आत्याबाई?"

"पिंपळगावले जाऊ. डॉक्टरीणीकडे."

"गाडी?"

"पाह्यतो मी. तू जोर नोको करू. किती बी वाटलं तरी जोर नोको करू. तोंड उघडं ठेव अन् श्वास सोडत राह्य."

पुष्पाबाईला जवळ बसवून ती निघाली. गावात एकही गाडी नव्हती. चार ठिकाणी जाऊन तिनं पाहिलं. रिकामी दावण, खाली टाकलेलं जू. बाप्येही गाड्यांबरोबर गेलेले. राहिले होते ते म्हातारे आणि पोरं. शेवटी ती पंजाबराव या मोठ्या शेतकऱ्याच्या शेताकडं पळत सुटली. पायात काही नव्हतं. ढेकळं टोचत होती.

पंजाबरावाच्या वावरात वीस-बावीस बाया ओळीनं पऱ्हाटीवरचा कापूस वेचत होत्या. पंजाबराव वावराच्या कडेला धुऱ्यावरच्या बाभळीला सायकल टेकवून उभा होता. त्याच्याही गाड्या खामगावच्या रांगेत होत्या आणि सोमवारी पुन्हा भरायच्या होत्या, म्हणून आज तो ओळीवर डोळा ठेवून होता.

तानुबाई वावरात शिरली. पदर खांद्यावर आला होता. काय बोलायचं ते तिनं वाटेत ठरवलं नव्हतं.

"कोकिळेच्या कळा सुरू झाल्या," ती म्हणाली. "मूल आडवं हाय. मले जमत नाही."

वेचणारे हात थांबले. चांगुणा तिच्या जवळच्या ओळीत होती. तिची तिन्ही लेकरं तानुबाईच्याच हातची. ती म्हणाली, "आत्या, तुले जमत नाही?"

"नाही जमत."

पंजाबराव धुऱ्यावरून म्हणाला, "नर्सबाईनं महिनाभर आंधीच सांगतलं होतं म्हनतात. वावरातल्या साऱ्या बायाईले माहीत हाय."

तानुबाईला वाटलं, पऱ्हाटीत खाली बसावं. पण बसायला वेळ नव्हता.

"हो. सांगतलं होतं. म्या नाही ऐकलं," ती म्हणाली. "काय बोलाचं ते बोला मले. पन उभं राहून नोका बोलू. चालता चालता बोला. बाज उचलाले बाया पाह्यजे मले."

"अन् माहा कापूस?"

चांगुणानं कमरेची ओटी सोडली आणि ढिगावर रिकामी केली. "कापूस उद्या बी पऱ्हाटीवरच राह्यते, भाऊ." तिच्यामागं दुसरीनं ओटी सोडली. मग तिसरीनं.

पंजाबराव पाहत राहिला. मग त्यानं मान वर करून सूर्य पाहिला आणि शिवी हासडली. "आज शनवार हाय ना बे! डॉक्टरीणबाई तीनच्या यष्टीनं खामगावले जाते. तिची माय हाय तठी. तुमी बाज घेऊन पोचसान अन् ती नसन तठी." एवढं बोलून तो सायकलवर बसला आणि धुऱ्यानं निघालाही. तो कोणाला सांगून गेला नाही, पण कुठं गेला ते सगळ्यांना कळलं.

बाज दारातून काढताना तिरकी करावी लागली. चार बायांनी चार कोपरे खांद्यावर घेतले. खांद्यावर कापसाच्या ओटीचीच चुंबळ. बाकीच्या बरोबर, अदलाबदलीला. एकूण बारा जणी. तानुबाई बाजेच्या कडेनं चालत होती, एक हात कोकिळाच्या पोटावर.

पिंपळगाव दोन कोस. काळ्या मातीतली गाडवाट. गाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या झालेल्या. मधल्या उंचवट्यावर पाय ठेवावा तर बाज हेलकावते. चाकोरीत ठेवावा तर घोटा मुरगळतो. ऊन डोक्यावर होतं. बायांच्या मानेवरून घाम पाठीत उतरत होता. कळ आली की कोकिळा बाजेच्या कडेचा दांडा धरायची आणि बाया आपोआप हळू व्हायच्या. कळ गेली की चांगुणा म्हणायची, "चला वं," आणि पुन्हा पाय उचलायचे.

दर वावरा-दोन वावरांवर खांदे बदलायचे. बोलायला कोणाला श्वास नव्हता. एकदा फक्त मागच्या कोपऱ्यावरची बाई म्हणाली, "कोकिळे, जराशी हलकी त हो वं," आणि कोकिळा कळेतसुद्धा हसली.

नाल्याला गुडघाभर पाणी होतं. तळाला शेवाळलेले गोटे. बाया एकेक पाऊल चाचपत उतरल्या. मधोमध आल्या आणि कोकिळा ओरडली, "आत्याबाई, गेलं!"

बाजेतून पाणी गळून नाल्याच्या पाण्यात पडत होतं.

"थांबू नोका. पैलतीरी चला," तानुबाई म्हणाली.

पलीकडं बाज टेकवली. बायांनी लुगड्यांचा आडोसा केला. तानुबाईनं वाकून पाहिलं. एक हात बाहेर आला होता. मनगटापर्यंत. बोटं मिटलेली, निळसर.

कौसल्याच्या बाजेपाशी ती पुन्हा उभी होती.

"हात आला का?" आडोशातून एकजण म्हणाली. "मंग धर न, आत्या. धरून काढून घे, दवाखाना दूर हाय अजून."

"हात ओढाचा नाही." तानुबाईचा आवाज असा निघाला की ती बाई गप्प झाली. "कोनी त्या हाताले बोट लावाचं नाही. धुतलेलं फडकं द्या." तिनं फडकं हलकेच त्या हातावर गुंडाळलं. मग म्हणाली, "बाजेचं पायथ्याचं अंग वर उचला. डोक्याकडून खाली. मूल खाली नोको रेटू देऊ. कोकिळे, ऐकते ना? माह्याकडे पाह्य. जोर नोको."

"येऊन राह्यला जोर, आत्याबाई. मी नाही आनत."

"माहीत हाय मले. तोंड उघडं ठेव."

पुढच्या दोघी बुटक्या, मागच्या दोघी उंच अशी तिनं खांद्यांची जोडी लावली आणि बाज तशीच तिरकी, पाय वर, डोकं खाली, निघाली. आता बाया जवळजवळ पळत होत्या.

पिंपळगावच्या दवाखान्यासमोर यष्टी उभी होती. तिच्या पुढच्या चाकापुढं पंजाबरावाची सायकल आडवी पडलेली आणि सायकलीच्या शेजारी पंजाबराव मांडी घालून बसलेला. ड्रायव्हर खिडकीतून त्याच्यावर ओरडत होता. कंडक्टर खाली उतरून त्याला हाताला धरून उठवू पाहत होता. यष्टीच्या पायरीवर एक तरुण बाई पिशवी घेऊन उभी होती. वळणावर ती तिरकी बाज आणि तिच्याखालच्या बाया दिसल्या तशी तिनं पिशवी तिथंच सोडली.

"टेबलावर घ्या," ती म्हणाली.

सत्यभामाबाई आतून धावत आली. कोकिळाला पाहिलं, मग तानुबाईला. "सांगितलं होतं ना मी? तीन आठवडे आधी सांगितलं होतं!"

"हो, बाई," तानुबाई म्हणाली.

"हात कुणी ओढला?"

"कोनीच नाही."

डॉक्टरीणबाईंनी फडकं सोडलं. इवल्या तळव्याला आपलं बोट लावलं. बोटं हळूच त्याभोवती आवळली.

"जिवंत आहे," त्या म्हणाल्या. मग तानुबाईकडं वळून, "खरंच ओढला नाही? बरं केलंत. पाणी कधी गेलं?"

"नाल्यात. अर्धा कोस झाला असन."

डॉक्टरीणबाई जेमतेम अठ्ठावीसच्या. पुण्याकडचं बोलणं. त्यांनी पोटावर हात फिरवला, एकदा दाराबाहेरच्या यष्टीकडं पाहिलं. "खामगावला नेऊन पोट उघडलं असतं. पण तिथं पोचेपर्यंत आतली जागा राहणार नाही, गर्भपिशवी आवळून घेईल. आत्ता अजून जागा आहे. आतून पाय धरून फिरवते." हे त्या कोणाला सांगत होत्या ते कळलं नाही. बहुधा स्वतःलाच. मग म्हणाल्या, "सत्यभामाबाई, क्लोरोफॉर्म तुम्ही द्या. पोटाला कोण? कंपाउंडर तर रजेवर."

खोलीत आणखी कोणी नव्हतं.

"आजीबाई, तुम्ही बाळंतपणं करता ना? हात धुवा. चांगले धुवा. मी म्हणेन तेव्हा वरून डोकं वरच्या बाजूला ढकलायचं. डोकं सापडेल?"

"मले डोळे मिटून बी सापडते," तानुबाई म्हणाली.

गोड, मळमळवणारा वास खोलीभर पसरला. कोकिळाची मूठ सुटली. ताठलेलं पोट हळूहळू सैल झालं आणि तानुबाईच्या तळव्याखाली तो गोल, टणक गोळा आला. डाव्या कुशीत, तिच्या ओळखीच्या जागी.

डॉक्टरीणबाईंचा हात कोपराच्या जवळपर्यंत आत होता. कपाळावरचा घाम नाकावरून ओघळत होता. त्यांचे डोळे कुठंच पाहत नव्हते. "हा गुडघा... नाही, कोपर आहे... थांबा." खोलीत फक्त घड्याळ वाजत होतं. "टाच. टाच सापडली. आता ढकला. हळू."

तानुबाईनं ढकललं. तळहाताच्या उशीनं, तीस वर्षं ढकलत आली होती तसं. यावेळी आतून कोणीतरी त्याच वेळी ओढत होतं. गोळा हलला. कुशीतून वर सरकला, आणखी सरकला आणि बरगड्यांखाली जाऊन बसला. बाहेरचा तो हात आपोआप आत गेला.

"फिरलं," तानुबाई म्हणाली.

"फिरलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पहिल्यांदा त्यांनी श्वास सोडला.

पाय आले. मग कंबर, मग पाठ. डोक्यापाशी जरा अडलं. डॉक्टरीणबाईंनी मूल आपल्या हातावर घोड्यावर बसवावं तसं बसवलं, तोंडात बोट घातलं आणि तानुबाईला वरून दाबायला सांगितलं. डोकं आलं. मूल निळंजांभळं, ढिलं. रडलं नाही.

सत्यभामाबाईनं रबरी नळीनं त्याच्या तोंडातलं ओढून घेतलं, पाय धरून उलटं केलं, तळव्यांवर टिचक्या मारल्या. काही नाही. पाठ चोळली. काही नाही. तानुबाईच्या तोंडून "ओ माय" एवढंच निघालं. मग मांजराच्या पिलासारखा एक आवाज आला. थांबला. पुन्हा आला आणि मग तो थांबेना.

"मुलगी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हाताची सूज दोन-तीन दिवसांत उतरेल."

तानुबाई तिथंच भिंतीला टेकून फरशीवर बसली. तिचे पाय नाल्यातल्या चिखलानं माखलेले आणि ढेकळांनी फाटलेले होते, ते तिला आत्ता दिसले.

बाहेर बायांनी रडणं ऐकलं होतं. दारात घोळका झाला. यष्टी अजून उभी होती. पंजाबरावानं सायकल उचलली आणि कंडक्टरला म्हणाला, "जाय आता. अन् खामगावच्या जिनावर पळसखेडचा कडूबा हाय रांगेत. त्याले सांगजो, पोरगी झाली, दोघी बी बऱ्या हायेत." ड्रायव्हर मघापासून चिडला होता, पण त्यानं गाडी सुरू करण्याआधी खिडकीतून विचारलं, "बाई शुद्धीवर आली का?"

कडूबा रविवारी सकाळच्या यष्टीनं आला. गाडी शेजाऱ्याच्या भरवशावर सोडली होती. केसांत, कानांत, भुवयांत कापसाचे तंतू. दवाखान्याच्या पायरीवर तानुबाई बसली होती. तो आत जायच्या आधीच तिनं त्याला थांबवलं.

"आंधी माहं ऐक. नर्सबाईनं सांगतलं होतं मूल आडवं हाय म्हनून. म्या तुले कळू नाही देल्लं. कोकिळेलेबी गप्प बसवलं. तू थांबतो म्हनत होता त तुले धाडलं."

कडूबा खाली पाहत उभा राहिला. "काऊन?"

"भेव वाटलं."

"माहं?"

"तुहं नाही. गावाचं. तानुबाईले जमत नाही म्हनतीन म्हनून."

तो आत गेला. बराच वेळ आत होता. तानुबाई पायरीवरच बसून राहिली. आतून बोलण्याचा आवाज येई, शब्द कळत नव्हते. एकदा कोकिळा हसल्यासारखी वाटली. मग कडूबा बाहेर आला, तिच्या समोरून रस्त्यावर गेला आणि यष्टी स्टँडच्या दिशेनं चालू लागला. तानुबाईनं मान खाली घातली.

थोड्या वेळानं तो परत आला. हातात तेल सुटलेला कागदाचा पुडा होता. तो तिनं पाहिला.

"कोकिळा म्हने, तू कालपासून काही खाल्लं नाही," तो म्हणाला आणि पुडा तिच्या मांडीवर ठेवला. "भजे हायेत. ऊन ऊन हायेत, खाय."

तिनं एक भजं तोंडात घातलं. गिळेना. दुसऱ्यांदा चावलं तेव्हा गिळलं. कडूबा तिच्याच पायरीवर बसला.

"माय, पोरगी कोनासारखी वं? मले त काही कळत नाही. सारी सुजली हाय."

"सूज उतरू दे मंग पाहू," तानुबाई म्हणाली.

कोकिळाला दहा दिवस तिथंच ठेवायचं ठरलं. कडूबा तिच्याजवळ राहिला. शेवंता पुष्पाबाईकडं, म्हैस दारात, म्हणून सोमवारी तानुबाई एकटीच पायी पळसखेडला निघाली. नाल्याच्या पलीकडं पंजाबरावाचं वावर लागलं. बाया ओळीत होत्या.

"आत्या आली वं!" चांगुणा ओरडली. "कशी हाय?"

"जेवली. दोन भाकरी खाल्ल्या."

"अन् पोट्टी?"

"दवाखाना डोक्यावर घेते."

बाया हसल्या. एक सासुरवाशीण जवळ सरकली. लाजत, पोटावरचा पदर सारखा करत तिनं विचारलं, "आत्या, मले पाचवा सरला. पाह्यशीन ना तू?"

"पाहीन," तानुबाई म्हणाली. "अन् नर्सबाई आली का तिलेबी दाखवू. दोघी मिळून पाहू."

धुऱ्यावरून पंजाबराव ओरडला, "अर्धा दिवस शनवारचा गेला अन् आता गप्पात जाते का?"

"चूप राह्य न, भाऊ," तानुबाई म्हणाली. "माह्यामुळंच गेला तो." तिनं पदर कमरेला खोचला, चांगुणाकडून एक फडकं मागून घेऊन त्याची ओटी बांधली आणि मधली मोकळी ओळ धरली. पऱ्हाटी छातीपर्यंत होती. बोंडं तापून टरारून उघडली होती. दोन्ही हातांनी ती वेचू लागली आणि धुऱ्यापर्यंत पोचेपर्यंत चांगुणाच्या दोन पावलं पुढं निघून गेली.